टाचदुखीच्या ‘ऑनलाइन डॉक्टर’नं आमच्या वहिनींना लुबाडलं

आमचं गाव सेलू तालुक्यात. कापसाची वेचणी सुरू झाली की बायका दिवसदिवस उभ्या असतात, आणि टाचा धरतात. वहिनींना सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यायची. थोडं चाललं की कमी व्हायची, बसून उठलं की परत तेच.

मोबाईलवर जाहिरात दिसली, ‘घरबसल्या तज्ज्ञ डॉक्टर, तपासणी मोफत’. नंबर टाकायची खोटी, लगेच फोन. टाचेचा फोटो मागवला आणि पलीकडून निदान आलं, “ताई, हाड वाढलंय. आता नाही थांबवलं तर ऑपरेशनच.” फोटोत कातडी दिसते, हाड कुठून दिसणार? वहिनींना शुगर आहे. ती आहे का, कोणती गोळी चालू आहे, यातलं काहीच विचारलं नाही. कोर्स 6,500 रुपयांचा. निम्मे आधी, निम्मे पार्सल हातात आल्यावर, आणि पैसे दिल्याशिवाय पार्सल उघडायचं नाही.

पार्सलात तेलाची बाटली आणि पावडरीचा पांढरा डबा. वर मोठ्या अक्षरात ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’. बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. आयुर्वेदिक औषधावरही हे छापावंच लागतं.

खरा धोका पुढे होता. पावडरीनं गुण आला, तोही झटपट. वहिनी खूश. मग तोंड सुजायला लागलं, रात्री सारखं लघवीला उठणं सुरू झालं आणि शुगर भलतीच वाढलेली निघाली. तालुक्याच्या डॉक्टरांनी डबा पाहिला आणि पावडरीत स्टेरॉइड, म्हणजे दुखणं झटपट दाबणारं पण शुगर वाढवणारं औषध, मिसळलं असावं असा संशय सांगितला. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं तरी जिवावर बेतू शकतं, म्हणून त्यांनी स्वतःच्या देखरेखीखाली ते सोडवलं. कुणाच्या घरी अशी पावडर चालू असेल तर आपल्या मनानं बंद करू नका, डबा घेऊन आधी डॉक्टरांकडे जा.

दुसरा कोर्स नको म्हटल्यावर गोड बोलणं संपलं. “ऑर्डर रद्द केल्याचा दंड भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस येईल,” आणि व्हॉट्सॲपवर शिक्का मारलेला कागद. वहिनी दोन घास नीट जेवेनात. असला कागद म्हणजे नोटीस नव्हे. आम्ही 1930 वर फोन करून सायबर तक्रार नोंदवली. पैसे अजून मिळाले नाहीत. हा फोन पैसे गेल्या गेल्या केला तरच ते मध्ये अडवता येण्याची आशा असते.

फोनवर उपचार होतच नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमनी वहिनींना ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलायला बसवलं. ही सरकारी सेवा, एक रुपया लागत नाही. डॉक्टरांनी आधी शुगर विचारली, मॅडमना टाचेच्या आतल्या बाजूला दाबायला लावलं, आणि तळपायाच्या पट्ट्याला सूज असल्याचं सांगितलं. हाड वाढलेलं एक्स-रेत दिसलं तरी पुष्कळांना त्याचा काही त्रास नसतो, हेही समजावलं. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, अंथरुणातून उठण्याआधी पायाची बोटं हातानं मागं ओढायची, घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, मऊ तळाची चप्पल घालायची. काही महिने लागतील, पण बहुतेकांना ऑपरेशनाची गरज पडत नाही, असं ते म्हणाले. वहिनींना आता बराच आराम आहे.

2020 च्या टेलिमेडिसिन, म्हणजे फोनवरून उपचारांच्या, नियमांप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. फोनवर पहिल्यांदा तोच विचारा. आमच्या त्या माणसाला विचारला तेव्हा “ऑफिसकडून पाठवतो” म्हणाला, तो कधी आलाच नाही. जो तपासतो तोच डबा विकत असेल, तर पैसे पाठवूच नका. आणि फसला असाल तर रागाच्या भरात डबा फेकू नका. डबा, पार्सलवरची चिठ्ठी आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, तिन्ही जपून ठेवा. सायबर तक्रारीला आणि अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायला तेच कामी येतं.