सात-आठ हजारांचं ‘अँटी-थेफ्ट पॅकेज’: माल तोच, फरक बसवण्यात

नाशिकरोडला जा, सिडकोत जा की मुंबई नाक्याच्या बाजूला, कार ॲक्सेसरीच्या दुकानात चोरीचा विषय काढला की साधारण एकच संच काउंटरवर येतो. गिअर लॉक, वायरवर चालणारा जीपीएस ट्रॅकर आणि मोबाइलवरून गाडी बंद पाडणारा रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर उघड-मिट होणारा स्विच. तिन्हीचे मिळून सात ते दहा हजार सांगतात, घासाघीस केली की हजारभर उतरतात. माल वाईट नसतो. पण शनिवारी संध्याकाळी दारात चार गाड्या उभ्या असताना पोऱ्या जे वीस मिनिटांत बसवून मोकळा होतो, त्यात पैसे पूर्ण जातात आणि बंदोबस्त अर्धाच होतो.

चोर नक्की काय करतो हे माहीत असलं की कुठल्या वस्तूला किती मोजायचे ते ठरवता येतं. कंपनीचा इमोबिलायझर म्हणजे किल्लीतली चिप. ती ओळखल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, इंजिन चालू होऊ देत नाही, त्यामुळे स्टेअरिंगखालच्या वायरी जोडून आजची कार पळवता येत नाही. पण त्याच स्टेअरिंगखाली सोळा पिनांचा ओबीडी सॉकेट असतो. सर्व्हिस सेंटरवाले जिथे स्कॅनर लावतात, तिथेच चोर नव्या किल्लीची नोंद करणारं यंत्र लावतो. बटणस्टार्ट गाडीत तर काच फोडण्याचीही गरज पडत नाही. एक जण दाराशी, दुसरा घराच्या भिंतीशी उभा राहतो आणि आत शोकेसवर ठेवलेल्या किल्लीचा सिग्नल उचलून गाडीपर्यंत पोचवतो. दोन्ही प्रकारांत गाडीला वाटतं, मालकच आलाय. म्हणून पहिला पैसा लोखंडावर.

गिअर लॉक या संचातली सगळ्यात कामाची वस्तू आहे, अट एवढीच की तो जमिनीच्या पत्र्याला किंवा गिअर लिव्हरच्या लोखंडी ब्रॅकेटला पकडलेला हवा. चांगल्या संचात मुंडी तुटणारे बोल्ट येतात. पूर्ण आवळले की षटकोनी मुंडी मोडून पडते आणि गुळगुळीत गोल डोकं राहतं, त्यावर पाना बसत नाही. गडबड होते ती इथेच. पुढेमागे काढावा लागला तर त्रास नको म्हणून बसवणारा मुंडी न तोडता सोडून देतो, नाहीतर संचातले बोल्ट बाजूला ठेवून साधे दहा नंबरचे मारतो. कन्सोलचं प्लास्टिक परत बसवण्याआधी स्वतः वाकून बघा आणि तुटलेल्या मुंड्या हातात मागा. बोल्ट जितके, मुंड्या तितक्या.

गाडी रिव्हर्समध्ये लॉक होते. ऑटोमॅटिकला ‘पी’वर लागणारा वेगळा लॉक असतो, मॅन्युअलचा संच ठोकून-ठाकून त्यात बसवू देऊ नका. या लॉकला मर्यादाही आहे. बहुतेक छोट्या गाड्यांत लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत केबल जाते, आणि बॉनेट उघडून ती सोडवणारा माहितगार पुढे सरकू शकतो. पण त्याला बॉनेट उघडं टाकून वेळ घालवावा लागतो आणि मग एकाच गिअरमध्ये गाडी रेटावी लागते. सिडकोतल्या रो-हाउसच्या गल्लीत, जिथे प्रत्येक गाडी कोणाच्या ना कोणाच्या खिडकीखाली उभी असते, तिथे हा वेळ चोराला परवडत नाही.

देखभालीचं म्हणाल तर लॉकच्या भोकात तेल सोडू नका. तेलाला धूळ धरते आणि पावसाळ्यानंतर किल्ली अर्ध्यावर अडते. सहा महिन्यांनी थोडी ग्रॅफाइट पूड पुरते. किल्लीचा नंबर लिहिलेलं कार्ड येतं ते घरी ठेवा. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात सापडणं म्हणजे कुलपालाच किल्ली बांधून ठेवणं.

स्टेअरिंगवर लावायचा दांडा हजारभर रुपयांत येतो. दांडा मजबूत असतो, पण ज्या रिंगला तो अडकवतात ती हॅकसॉने कापता येते. लांबून दिसतो, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो उपयोग खोटा नाही. नाशिकरोड स्टेशनवर दोन दिवस गाडी लावून मुंबईला जाणाऱ्याने जरूर लावावा.

आता रिले. संचातला हाच भाग सर्वात जास्त बिघडवला जातो. दुकानदार सांगतो, ‘मोबाइलवरून बटण दाबा, गाडी जागेवर बंद.’ तेच नको आहे. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की ब्रेकच्या बूस्टरमधली हवेची ओढ दोन-तीन दाबांत संपते, स्टेअरिंग जड होतं. कसारा घाटात हे झालं तर मागच्या ट्रकखाली कोण येईल ते चोर ठरवत नाही. ट्रॅकरच्या सेटिंगमध्ये वेगाची अट असते. वेग ताशी २० किलोमीटरच्या खाली आल्यावरच पुरवठा तोडायचा, अशी ती घालून घ्या. ॲपमध्ये ही सोय नसेल तर तो ट्रॅकर घेऊच नका, कितीही स्वस्त असला तरी.

जोडणी अशी हवी. पाच पिनांच्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ आणि ८७ए असे आकडे असतात. ८५ आणि ८६ ही कॉइल, तिला ट्रॅकर हुकूम देतो. टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची वायर कापून एक टोक ३० ला आणि दुसरं ८७ए ला जोडायचं. ८७ए एरवी जोडलेला असतो, त्यामुळे ट्रॅकर मेला किंवा सिम बंद पडलं तरी गाडी चालत राहते. घाईत वायर ८७ वर लागली की उलटं होतं. ट्रॅकरला जरा धक्का बसला की गाडी रस्त्यात उभी, आणि टोचन करून गॅरेजला न्यावी लागते.

दुसरी गडबड जोडाची. पंप साधारण चार ते आठ अँपिअर ओढतो, रिले ३० किंवा ४० अँपिअरचा असतो, तेव्हा रिले जळायचं कारण नाही. जळतो तो जोड. वायर सोलून पिळायची आणि वर काळी टेप गुंडाळायची, ही पद्धत उन्हाळ्यापर्यंतच टिकते. टेपचा डिंक वितळतो, जोड सैल होतो, पंपाला व्होल्टेज कमी मिळतं आणि गाडी चढावर आचके देते. गॅरेजवाला फिल्टर बदलतो, प्लग बदलतो, रिलेकडे कोणी बघत नाही. सोल्डर करून हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) चढवायला लावा, वरून कंपनीच्या वायरिंगसारखी कापडी टेप. म्हणजे उघडून पाहणाऱ्याला हा जोड मागाहूनचा आहे हे पटकन कळत नाही. तपासणी सोपी आहे. पंप चालू असताना मल्टिमीटरची दोन टोकं दोन्ही जोडांच्या पलीकडे, मूळ वायरवर ठेवा, म्हणजे रिले आणि दोन्ही जोड मध्ये येतात. ०.२ व्होल्टच्या आत दिसलं तर काम चोख, अर्धा व्होल्ट दिसला तर जोड पुन्हा करायला सांगा.

मोबाइलवर विसंबायचं नसेल तर त्याच जागी साधा चोर स्विच, म्हणजे लपवलेलं बटण, बसवता येतो, पाचशे रुपयांच्या आत. यात एक खोच आहे. स्विच बंद असला तरी पाइपात उरलेल्या दाबावर इंजिन चालू होतं आणि काही सेकंदांनी गचकतं. चोराला वाटतं गाडीच बिघडलेली आहे. बटण मात्र स्टेअरिंगखाली नको, पहिला हात तिथेच जातो.

हे सगळं पेट्रोल गाडीचं. कॉमन रेल डिझेलमध्ये पुरवठा तोडणारा रिले बसवू देऊ नका. त्याच्या हाय-प्रेशर पंपाला डिझेलचंच वंगण असतं. कोरडा फिरला की खराब होतो आणि त्याचं बिल या सगळ्या संचाच्या कितीतरी पट येतं. डिझेलला सेल्फच्या रिलेच्या कॉइलचा पुरवठा तोडावा. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत नारिंगी, म्हणजे हाय-व्होल्टेजच्या, वायरींच्या आसपास ॲक्सेसरीवाल्याला हात घालू देऊ नये. पिंपळगावच्या बाजारात रात्रभर नंबर लावून उभ्या असणाऱ्या जुन्या पिकअपवाल्यांनी एवढं लक्षात घ्यावं की इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडच्या वायरवर बसवलेला चोर स्विच बॅटरीहून थेट एक वायर टाकून हरवता येतो. तिथे सेल्फचा स्विच आणि वर गिअर लॉक, दोन्ही लागतात.

ट्रॅकरबद्दल दुकानात जितकं बोललं जातं तितकं तो करत नाही. चोरी थांबवणं त्याचं काम नाही, उशिरा का होईना दिशा दाखवणं आहे. स्वस्त डबा टू-जी असतो. त्यात जिओचं सिम टाकलं तर तो बोलणारच नाही, कारण जिओचं टू-जी नेटवर्कच नाही. थोडे जास्त गेले तरी फोर-जी घ्या. आत तेरा अंकी नंबरचं एमटूएम सिम (यंत्रांसाठीचं) असतं, पहिल्या वर्षाचे पैसे किमतीत धरलेले असतात. वर्ष उलटलं आणि नूतनीकरण राहिलं की नकाशावरचा ठिपका घराजवळच थिजून राहतो, मालकाला वाटतं गाडी दारात आहे. सिम संपण्याची तारीख बिलावर लिहून घ्या. ‘एआयएस-१४० वाला घ्या, सरकारी आहे’ असं कोणी म्हणालं तर ट्रॅकरच्या त्या सरकारी मानकाचा नियम मुख्यतः प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांसाठी आहे, खासगी कारला सक्तीचा नाही.

डबा कुठे लपवला यावर सगळं अवलंबून. पायांजवळ, म्युझिक सिस्टिमच्या मागे, ओबीडीच्या शेजारी, या तीन जागा चोराला तोंडपाठ. पुढच्या काचेच्या बुडाशी, डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, अँटेनाची बाजू आकाशाकडे करून बसवावा. वर लोखंड असेल तर ठिपका दोन गल्ल्या इकडेतिकडे उडतो. पुरवठ्याच्या वायरवर, उगमापाशीच, दोन-तीन अँपिअरचा फ्यूज हवा. तो नसेल आणि उंदराने वायर कुरतडली, तर शॉर्ट सर्किटची सोय आपणच केली असं होतं.

बॅटरीचा हिशेबही करून ठेवा. झोपलेला ट्रॅकर वीस मिलिअँपिअर खातो असं धरलं तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास जातो. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासाची बॅटरी, महिनाभर गाडी हलली नाही तर चौदा-पंधरा त्यातच गेले. गाडी नाशिकला ठेवून महिना-दोन महिने मुलांकडे जाणाऱ्यांनी आठवड्याला अर्धा तास फिरवून आणायला कोणाला तरी सांगावं.

सूचनांची मांडणी दुकानदार करून देत नाही, ती आपण करायची. लोक जिओफेन्स म्हणजे आभासी कुंपण अख्ख्या शहराभोवती टाकतात. तोपर्यंत गाडी पेठ रस्त्याने गुजरातकडे किंवा आग्रा रोडने धुळ्याकडे लागलेली असते, आणि घाटात नेटवर्क तुटलं की ठिपका मागेच राहतो. ट्रॅकर मधल्या जागा साठवून नंतर पाठवतो, पण तो ‘नंतर’ काय कामाचा? रात्रीचं कुंपण घराभोवती पाचशे मीटरचं ठेवा. सूचना नुसत्या टुंग आवाजाची नको, कॉल येणारी हवी, कारण पहाटे तीनला फोन सायलेंटवर असतो. वायर तोडल्याची आणि ट्रॅकर ऑफलाइन गेल्याची, या दोन्ही सूचना चालू हव्यात. चोराने सिग्नल दाबणारा जॅमर लावला तर दुसरीच येईल, तीही सर्व्हरकडून.

किल्लीसाठी सिग्नल अडवणारं पाकीट दोन-तीनशेला मिळतं. चाचणी करूनच घ्या. किल्ली आत घालून गाडीच्या दाराचं हँडल ओढा, दार उघडलं तर पाकीट निकामी. घडीवर आतलं अस्तर झिजतं, म्हणून दर दोन महिन्यांनी हीच चाचणी. घट्ट झाकणाचा पत्र्याचा चिवड्याचा डबाही चालू शकतो, परीक्षा त्यालाही तीच.

विम्यात सूट मिळेल असं हमखास सांगितलं जातं. मिळते, पण एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्य केलेल्या उपकरणालाच, आणि तीही ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमच्या अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये. त्यासाठी हा संच घेऊ नये. चोरीच्या दाव्यात खरी अडचण किल्ल्यांची येते. विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते, एक हरवली असेल तर ती हरवली तेव्हाच तक्रार आणि नव्या किल्लीचं बिल हवं. एफआयआर लगेच करा, कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. एफआयआर वेळेत असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय, पण तिथवर जायची वेळ येऊ देऊ नये. गाडी सापडली नाही तर पोलिसांच्या तपासाची ‘अ समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही असा अहवाल, लागते, त्याशिवाय फाइल सहसा पुढे सरकत नाही.

तर, गिअर लॉक आणि नीट जोडलेला रिले किंवा चोर स्विच घ्यावा, ट्रॅकर तिसरा. गिअर लॉक दुकानातून, पण वायरिंग दुकानातल्या पोऱ्याकडून नको. ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला पाचशे-हजार वेगळे द्यावे लागले तरी द्या, आणि मंगळवार-बुधवारची सकाळ पकडा. वॉरंटीतली गाडी असेल तर वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा, कापलेल्या सर्किटची वॉरंटी ते नाकारू शकतात.

पैसे देण्याआधी दुकानाच्या दारातच तीन गोष्टी करून बघा. इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून, ॲपवरून बंदचा हुकूम द्या आणि किती वेळात बंद पडते ते घड्याळात पाहा. मग चालू करून ट्रॅकरचा फ्यूज काढा. इंजिन चालूच राहिलं पाहिजे आणि फोनवर सूचना आली पाहिजे. शेवटी डब्यावरचा आयएमईआय नंबर बिलावर लिहिला आहे का ते बघा, आणि ॲपचं खातं तुमच्याच मोबाइल नंबरवर आहे ना याची खात्री करा. पुष्कळ ठिकाणी ते दुकानदाराच्या नंबरवर उघडलेलं असतं, म्हणजे तुमची गाडी रात्री कुठे उभी असते ते त्यालाही दिसतं.