नियमांनुसार लिहावे की बोलीप्रमाणे?
गावाच्या स्मरणिकेत आजीच्या आठवणी छापताना तिचे ‘पानी’ तसेच ठेवावे की ‘पाणी’ करावे, असे भाचीने विचारले. श्रमाच्या दृष्टीने बोली सोपी वाटते. पण ‘गेलतो’ की ‘गेल्तो’ हे पानोपानी एकसारखे राखणे किती जिकिरीचे, ते मुद्रितशोधकालाच विचारावे. १९६२ चे शासनमान्य लेखननियम निदान ठरलेले आहेत. अर्थाच्या नेमकेपणात तर प्रमाण लेखन निर्विवाद उजवे आहे, कारण ‘शिर’ म्हणजे डोके आणि ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी, हा फरक एका वेलांटीवर अवलंबून असतो. आपलेपणात मात्र बोलीला तोड नाही. ‘पानी’ सुधारले की आजीचा आवाजच हरवतो. म्हणून संपादकीय, जमाखर्च आणि सूचना नियमांनुसार लिहाव्यात. आजीचे बोलणे अवतरणचिन्हांत जसेच्या तसे ठेवावे.