एक्सबी एस-टू-सी: कागदावर २५०, हातात किती?

एक्सबी एस-टू-सी म्हणजे छोट्या यंत्रांचं बिनतारी जाळं बांधणारं रेडिओ मॉड्यूल. हवेतला वेग सेकंदाला २५० किलोबिट, हे खरं. पण सिरीयल पोर्ट (मॉड्यूलला माहिती देणारी-घेणारी तार) मुळात ९६०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांवर असतो आणि घोडं तिथेच अडतं. आधी बीडी (पोर्टचा वेग ठरवणारी सेटिंग) ७ करून ११५२०० घ्या. फ्रेम, म्हणजे हवेतून एका वेळी जाणारं पाकीट, जेमतेम १२७ बाइटची. हेडर (पत्ता वगैरे माहिती) वजा जाता काय उरतं ते एनपी कमांड सांगते. खरी गळती हॉपमध्ये, म्हणजे एका मॉड्यूलवरून दुसऱ्यावर मारलेल्या उडीत. राउटरला (निरोप पुढे ढकलणाऱ्या मॉड्यूलला) एकाच वेळी ऐकणं आणि बोलणं जमत नाही, त्यामुळे दुसऱ्या हॉपलाच वेग निम्म्यावर येतो. जाळं उथळ ठेवा, म्हणजे हॉप कमी. राउटर झोपत नाहीत, त्यांना बॅटरीवर ठेवणं हा वेडेपणा. तापमान, आर्द्रतेसाठी उत्तम. चित्रांसाठी नाद सोडा. वायफायची गर्दी असेल तर रेडिओचा चॅनेल २५ घ्या.