दिनविशेषाच्या वहीवर चालणारं रेकॉर्डचं दुकान

नाशिकच्या मेन रोडवरून भद्रकालीकडे वळलं की भांड्यांच्या दुकानांच्या मधोमध जेमतेम सहा फूट रुंदीचं एक दुकान लागतं. पाटीवर तीनच शब्द आहेत : रेकॉर्ड, कॅसेट, दुरुस्ती. इथे विक्री होते, पण दुकानाची ओळख भाड्याच्या कामावर आहे. गायक-संगीतकारांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या, सिनेमांची पन्नाशी-पंच्याहत्तरी अशा कार्यक्रमांसाठी मूळ रेकॉर्ड आणि त्या वाजवण्याचा सगळा संच इथून मिळतो. कार्यक्रम सोसायटीच्या गच्चीवर असो की एखाद्या मोठ्या सभागृहात, मोबाइल स्पीकरला जोडून गाणी लावायचं ठरवण्याआधी इथे एक चक्कर मारावी.

काउंटरवर जाड पुठ्ठ्याची एक वही असते. ३६६ पानं, तारखेला एक पान. पानावर चार रकाने : जन्म, निधन, चित्रपटाचं प्रदर्शन, रेडिओ-टीव्हीवरचं पहिलं प्रसारण. प्रत्येक नोंदीपुढे कपाटाचा खण आणि तबकडीचा क्रमांक. २५ जुलैला सुधीर फडके (१९१९), चार पानं पुढे २९ जुलैला त्यांचं निधन (२००२). पाच दिवसांचं भाडं एकदम भरलं तर जयंती आणि पुण्यतिथी दोन्ही होतात, आणि दुकान चालवणारे काका हे स्वतःहून सुचवतात. १ ऑक्टोबरला गदिमा, ८ नोव्हेंबरला पु. ल., दोघंही १९१९चेच. ४ ऑगस्ट (किशोरकुमार, १९२९), २८ सप्टेंबर (लता मंगेशकर, १९२९) आणि २४ डिसेंबर (महंमद रफी, १९२४) या तारखांसाठी मात्र दोन महिने आधी नाव घालावं लागतं. सुस्थितीतल्या एलपी (मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या मोठ्या तबकड्या) मोजक्या आणि मागणारी मंडळं भरपूर.

या वहीचा सगळ्यांत मोठा उपयोग म्हणजे निवेदनातल्या चुका वेळेत सापडतात. ‘गीतरामायण’चंच घ्या. पुणे आकाशवाणीवरून ते पहिल्यांदा लागलं १ एप्रिल १९५५ला, आणि त्या दिवशी रामनवमी होती. रामनवमी दरवर्षी सरकते, तारीख सरकत नाही. कुणी तिथीने कार्यक्रम करतं, कुणी तारखेने, आणि पत्रिकेत दोन्हींचा गोंधळ होतो. वहीत ही नोंद दोनदा आहे : एकदा १ एप्रिलच्या पानावर आणि एकदा मागच्या कोऱ्या पानांवरच्या तिथींच्या यादीत. दुसरी गफलत याहून मोठी असते. रेडिओवर ही ५६ गाणी माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा अनेकांनी गायली होती. रेकॉर्डचा जो संच घरोघर पोहोचला तो एकट्या बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या आवाजातला आणि नंतरचा. तो वाजवताना ‘हेच ते १९५५चं प्रसारण’ असं म्हणू नये. काका संच बांधून देताना ही गोष्ट चिठ्ठीवर लिहून देतात. ही काळजी पैशांत मोजता येत नाही.

नाशिककरांच्या जिव्हाळ्याच्या तारखा म्हणजे ३० एप्रिल आणि ३ मे. दादासाहेब फाळके ३० एप्रिल १८७०ला आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मले, आणि ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लोकांसाठी लागला. निमंत्रितांसाठीचा खेळ त्याआधी २१ एप्रिलला झाला होता, त्यामुळे दोन्ही तारखा छापलेल्या आढळतात. जनतेसमोरची तारीख ३ मेच. या दिवसांत ‘हरिश्चंद्रची गाणी द्या’ अशी मागणी हमखास येते. तो मूकपट होता, त्याची रेकॉर्ड असणं शक्य नाही. फाळक्यांचा बोलपट हवा असेल तर १९३७चा ‘गंगावतरण’, आणि त्याची तबकडी या दुकानात नाही. अशा वेळी कसली तरी जुनी पौराणिक गाणी गळ्यात न मारता काका पेटी-तबलावाल्यांना बोलवायचा सल्ला देतात. मूकपटांच्या काळात पडद्यासमोर बसून वादक साथ करायचेच, तेव्हा हा सल्ला इतिहासालाही धरून आहे.

आता यंत्रांविषयी. भाड्याच्या संचात एक प्लेअर, सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा फोनो प्री-अ‍ॅम्प, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर येतात. प्लेअर देण्याआधी वेग तपासला जातो, तोही तुमच्यासमोर. थाळीवर रेघांची गोल चकती ठेवतात आणि वर छोटा निऑन दिवा धरतात. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर तो सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगासाठीच्या वर्तुळात १८० रेघा, ४५च्या १३३ आणि ७८च्या ७७. रेघा जागच्या जागी स्थिर दिसल्या की वेग बरोबर. पुढे सरकल्या तर यंत्र जलद, मागे पडल्या तर मंद. घरी हा प्रयोग एलईडी बल्बखाली करू नका. बरेचसे एलईडी लुकलुकतच नाहीत, मग रेघांचा नुसता धूसर पट्टा दिसतो.

हा खटाटोप का, तर वेग सहा टक्क्यांनी वाढला की पट्टी एका घराने चढते. काळी एकचं गाणं पांढरी दोनला जाऊन बसतं. नुसतं ऐकणाऱ्याला आवाज जरा कोवळा वाटेल, पण कार्यक्रमात रेकॉर्डपाठोपाठ कुणी तेच गाणं पेटीवर म्हणणार असेल तर तिथे फजिती होते. बेल्ट सैल पडला की यंत्र मंदावतं, मोटरचं रबरी चाक कडक झालं की मागे घरघर येते. परदेशातून आणलेल्या जुन्या यंत्रांची आणखी एक अडचण असते. ६० हर्ट्‌झवर चालणारी अमेरिकन मोटर इथे ३३⅓ऐवजी २८च्याही खाली फिरते. तिची पुली बदलावी लागते, ट्रान्सफॉर्मर लावून ते सुधारत नाही. पुली बसवून द्यायचं काम हे दुकान नीट करतं.

एलपी निवडताना चकचकीतपणावर जाऊ नका. तबकडी ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. दिसणारा ओरखडा नखाला लागत नसेल तर बहुधा तो ऐकूही येत नाही. नखाला लागला तर प्रत्येक फेऱ्याला टक्‌ वाजणार. आणि वाजवून बघायचं असेल तर त्या बाजूचं शेवटचं गाणं लावायला सांगा. आतल्या खाचांत सुईला त्याच वेळात कमी अंतर मिळतं, म्हणून झीज आधी तिथे कळते : ‘स’ आणि ‘श’ फाटतात. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ला लागला, त्याच्या पन्नाशीनंतर संवादांच्या वेगळ्या रेकॉर्डला फार मागणी आहे, पण लोकांनी ती इतकी झिजवली आहे की चांगली प्रत क्वचित मिळते. दुकानातल्या प्रतीवर काकांनी ‘फक्त प्रदर्शनासाठी’ अशी चिठ्ठी लावली आहे. कव्हर टेबलावर मांडायला ती उत्तम, वाजवायला नको.

७८च्या लाखेच्या तबकड्या हा या दुकानाचा कच्चा भाग आहे. संग्रह सुंदर आहे, त्यात नाट्यगीतं भरपूर. बालगंधर्वांच्या २६ जूनच्या जयंतीला किंवा मास्टर दीनानाथांच्या २४ एप्रिलच्या पुण्यतिथीला याहून मोलाचं काही मिळणार नाही. पण ७८साठी लागणारी ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई एकाच यंत्राला आहे. ते यंत्र आधी कुणी नेलं असेल तर एलपीचीच सुई लावून देण्याचा प्रकार होतो, आणि तो मान्य करू नये. एलपीची सुई ०.७ मिलची. लाखेच्या रुंद खाचेत ती तळाशी घासत जाते, गाण्यापेक्षा खरखर जास्त येते आणि सुईचं टोकही खराब होतं. नोंदणी करतानाच ‘सुई तीन मिलची’ असं पावतीवर लिहून घ्या. चावीच्या जुन्या फोनोवर वाजवणार असाल तर पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी. पंधरा तबकड्यांना तीस सुया. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे सव्वातीन मिनिटांत संपते, हेही निवेदनाची आखणी करताना लक्षात असू द्या. एलपीच्या बाजूसारखा वीस मिनिटांचा निवांतपणा इथे नसतो.

आणि लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावायचं नाही, चुकूनही नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मऊ ब्रश, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून पिळलेलं कापड आणि लगेच कोरडं पुसणं, एवढंच करावं. कागदी लेबलला पाणी लागू देऊ नये.

सभागृहात मांडणी चुकली तर उत्तम संचही बदनाम होतो. लाकडी रंगमंचावर प्लेअर आणि स्पीकर एकत्र ठेवले की स्पीकरची थरथर फळ्यांतून सुईत शिरते आणि हूं असा घुमणारा आवाज वाढत जातो. निवेदक चालत आला तरी सुई उडते. उपाय स्वस्त आहे : दोन फुटी शहाबादी फरशी, तिच्याखाली चारही कोपऱ्यांना रबराचे तुकडे, वर प्लेअर, आणि हे सगळं विंगेत, रंगमंचावर नाही. सतत गुणगुण येत असेल तर प्लेअरची बारीक अर्थिंगची तार प्री-अ‍ॅम्पच्या स्क्रूला लागली आहे का ते आधी पाहा. दहातल्या आठ वेळा तीच सुटलेली असते. दुकानातून माणूस मांडणीला येतो, पण कार्यक्रम संपेपर्यंत थांबत नाही. आपल्यापैकी एकाने सुई उचलणं-ठेवणं आधी शिकून घ्यावं. सुईच्या दांड्याचा, म्हणजे आर्मचा लिव्हर वापरावा, हाताने सुई टाकू नये.

कॅसेटवरून डिजिटल प्रत करून देण्याचं काम इथे बरं होतं. दाब देणारा इवलासा फेल्टचा तुकडा डिंक सुकून गळलेला असतो, तो बदलतात. टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडचा कोन कॅसेटगणिक जुळवतात, त्यामुळे दबलेला आवाज उघडतो. मालिकांच्या शीर्षकगीतांसाठी हीच सोय कामी येते. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ला आणि ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ला दूरदर्शनवर सुरू झालं. त्या काळी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून घरी भरलेल्या कॅसेटी आजही लोक घेऊन येतात. तक्रार एकच : खरखर काढायचं सॉफ्टवेअर फार जोरात चालवतात. तंबोऱ्याची झार आणि श्वास त्यात धुऊन निघतात, गाणारा पाण्याखालून गातोय असं वाटतं. म्हणून दोन प्रती मागा : एक काहीही न काढता २४ बिटची वेव्ह फाइल, दुसरी साफ केलेली. पहिली जपून ठेवा.

परवान्याची जबाबदारी दुकान घेत नाही, हे पावतीच्या मागे छापलंय. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, शब्द आणि चालीचा हक्क कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. म्हणजे तबकडी १९५५ची असली तरी गदिमांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे, कारण ते १९७७ला गेले. तिकीट लावून कार्यक्रम करणाऱ्यांनी गीत-संगीताच्या हक्कांचं काम पाहणाऱ्या आयपीआरएस या संस्थेकडे आणि रेकॉर्ड कंपनीकडे आधी विचारणा करावी.

दर असे : संच दिवसाला १,८००, अनामत ५,०००, एलपी ५० रुपये, लाखेची तबकडी १०० आणि तिची अनामत वेगळी. कॅसेटची डिजिटल प्रत १५०, एलपीची २५०. सोमवारी बंद. मेन रोडवर चारचाकी आणू नका. शालिमारकडे गाडी लावून चालत या आणि सामान न्यायला रिक्षा करा.

एप्रिल-मेमध्ये रेकॉर्ड नेणार असाल तर बंद गाडीत ठेवून जेवायला थांबू नका. नाशकात पारा चाळिशीला टेकतो, काचा लावलेल्या गाडीत त्याहून वर जातो, आणि तासाभरात एलपीला बाक येतो. तो बाक पुन्हा सरळ होत नाही आणि अनामत परत मिळत नाही. पेटीत रेकॉर्ड नेहमी उभ्या, घट्टही नाहीत आणि सैलही नाहीत अशा बसवा. पावसाळ्यात परत करताना प्लॅस्टिकच्या पिशवीचं तोंड बंद करू नका. आत ओल कोंडली की दोन दिवसांत कव्हरवर पांढरी बुरशी धरते, आणि काका प्रत्येक कव्हर उजेडात धरून बघतात.