लांबचा विमानप्रवास: जास्तीचे पैसे कोणत्या सीटवर घालावेत?

तेरा तासांचा प्रवास संपला तेव्हा आईला बूट चढेनात. लेस पूर्ण सैल केली तरी सुजलेलं पाऊल आत जाईना. शेवटी बुटाची टाच मोडून, चपलेसारखी फरफटत ती विमानातून उतरली. सीट चांगली होती, खिडकीची, मी मुद्दाम जास्तीचे पैसे भरून घेतलेली. पण शेजारच्या दोन झोपलेल्या माणसांना उठवायचं कसं, या संकोचापायी ती अख्ख्या प्रवासात दोनदाच उठली, आणि उठायला लागू नये म्हणून पाणीही बेतानंच प्यायली.

तेव्हापासून ‘सीटसाठी जास्त पैसे भरू का?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, विमानात तुम्हाला नेमका त्रास कशाचा होतो? गुडघ्यांचा, खांद्यांचा, झोपेचा, की बसून बसून आखडण्याचा? प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि किंमतही. एकाचे पैसे भरून दुसऱ्याचं सुख मिळत नाही.

गुडघे अडतात त्यांच्यासाठी

साध्या इकॉनॉमीत दोन ओळींमधलं अंतर, ज्याला पिच म्हणतात, साधारण 30 ते 32 इंच असतं. एक्स्ट्रा लेगरूमच्या सीटला ते 34 ते 36 पर्यंत जातं. सीटच्या पाठीची जाडीही त्यातच मोजलेली असते, म्हणजे हे सगळं अंतर पायांना मिळत नाही. तरीही उंच माणसाचा गुडघा पुढच्या पाठीला टेकणार की सुटा राहणार, हे त्या तीन-चार इंचांवरच ठरतं. सहा फुटांच्या आसपास उंची असेल आणि प्रवास आठ तासांच्या वर असेल, तर हे पैसे मी डोळे झाकून भरायला सांगेन. पाच फूट दोन इंच उंचीच्या माणसानं भरू नयेत.

इमर्जन्सी एक्झिटची ओळ मात्र नीट बघून घ्यावी. पाय पसरायला जागा भरपूर, हे खरं. पण समोर सीट नसल्यामुळे जेवणाचा ट्रे आणि बऱ्याचदा स्क्रीनही हाताच्या दांडीत बसवलेला असतो. म्हणून ती दांडी वर होत नाही आणि बैठक थोडी अरुंद होते. अंगानं रुंद माणसाला तिथे पायांचं सुख आणि कमरेला काच, असा सौदा होतो. मोठ्या विमानांत दाराला लागून असलेल्या सीटसमोर दाराचा फुगीर भाग आत आलेला असतो, त्यात आपत्कालीन घसरगुंडी घडी करून ठेवलेली असते. म्हणजे जागेसाठी पैसे भरायचे आणि एक पाय वाकडा ठेवून बसायचं. टेक-ऑफ आणि लँडिंगला पर्ससुद्धा वर ठेवावी लागते. शिवाय वेळ आल्यास मदत करू शकेल अशाच प्रवाशाला ही सीट देतात. लहान मुलं आणि गरोदर बायकांना तिथे बसवत नाहीत, आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनाही ऐनवेळी उठवू शकतात.

भिंतीसमोरची पहिली ओळ मला फारशी पटत नाही. कुणी पाठ मागे टाकत नाही हा फायदा आहे, पण पाय समोर सरकवायला भिंत आडवी येते आणि तान्ह्या बाळांचे पाळणे तिथेच लावतात. बाळ तुमचंच असेल तर हीच सीट घ्या.

खांदे घासतात त्यांच्यासाठी

इथे बरेच जण थेट प्रीमियम इकॉनॉमी बघतात. 38 इंचांच्या आसपास पिच, एक-दोन इंच जास्त रुंद बैठक, पायाला टेकण, एका ओळीत कमी माणसं. भाडं बहुधा इकॉनॉमीच्या दीडपट ते दुप्पट. पण त्याआधी विमान कोणतं आहे ते बघा, त्याला पैसे पडत नाहीत. बोइंग 777 मध्ये आता बहुतेक कंपन्या एका ओळीत दहा सीट बसवतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 17 इंच येतात. एअरबस ए330 मध्ये सहसा दोन-चार-दोन अशी रचना असते आणि रुंदी 18 च्या आसपास. दोघं मिळून जाणार असाल तर तिथली कडेची जोडी म्हणजे तिसरा माणूसच नाही. त्याच मार्गावर असं दुसरं विमान मिळत असेल, तर साध्या तिकिटातच अर्धं काम होतं.

प्रीमियम इकॉनॉमी मला पटते ती दहा तासांच्या वरच्या, दिवसाच्या प्रवासाला. सिंगापूर ते न्यूयॉर्क हा अठरा तासांहून जास्तीचा थेट प्रवास सिंगापूर एअरलाइन्सनं 2018 मध्ये पुन्हा सुरू केला, तेव्हा त्या ए350 विमानात साधी इकॉनॉमी ठेवलीच नाही. 161 सीट, त्यात 67 बिझनेसच्या आणि बाकी 94 प्रीमियम इकॉनॉमीच्या.

झोप हवी असेल तर

प्रीमियमची पाठ जास्त मागे जाते, पण तिथेही झोप बसूनच लागते. बसून झोप लागतच नाही अशा माणसानं रात्रीच्या प्रवासाला प्रीमियमचे पैसे भरले, तर तो प्रशस्त जागेत जागाच राहतो. आडवं व्हायचं तर बिझनेस, आणि तिथेही सीट पूर्ण सपाट होते का हे बघून घ्यावं. काही जुन्या विमानांत ती उतरती राहते आणि माणूस रात्रभर पायांकडे घसरत राहतो. भाडं कित्येक पट, म्हणून भाड्यातला फरक झोपेच्या तासांनी भागून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळीच काम असेल तर तेवढी एकच बाजू बिझनेसनं करावी आणि परत येताना साधं तिकीट घ्यावं.

आखडण्यावर

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. तरीही तो सुमारे 6,000 प्रवाशांत एक इतकाच असतो. कारण हालचाल नसणं, सीटचा वर्ग नव्हे. आगगाडीत आणि बसमध्येही हेच होतं. पूर्वी गुठळी झालेल्यांनी सीट निवडण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

साठीच्या पुढच्या माणसासाठी म्हणूनच मी फक्त आईल सीटचे, म्हणजे चालायच्या वाटेला लागून असलेल्या सीटचे पैसे भरते, तेही मधल्या गटातल्या. तीन-चार-तीन अशा रचनेत कडेच्या गटात आईलला बसलं तर दोन माणसं तुम्हाला ओलांडून जातात. मधल्या चारांत एकच. पुढच्या खेपेला आई तशी बसली आणि दर दीड तासाला फेरी मारून आली. ही सीट बऱ्याचदा थोड्याच पैशांत मिळते, वेब चेक-इन उघडल्या उघडल्या फुकटही मिळू शकते.

सीटचे पैसे भरल्याची पावती वेगळी जपून ठेवा. एकदा आयत्या वेळी विमान बदललं आणि माझी पैसे भरलेली आईल सीट जाऊन मधली आली. परतावा मिळाला, पण तीन ईमेलनंतर, आणि तिन्हींत पावतीच मागितली होती. प्रवासाच्या आदल्या आठवड्यात बुकिंग उघडून सीट नंबर पुन्हा बघा. बदलला असेल तर तेव्हाच फोन करा, कारण काउंटरवर पोचेपर्यंत चांगल्या जागा उरलेल्या नसतात.