तांब्याच्या ठोकळ्याला चढली तांब: विज्ञान पेटी पाच महिने वापरल्यावर

ऑगस्टच्या शेवटी सातवीतली एक मुलगी विज्ञान पेटीतला ठोकळा हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली. "बाई, ह्या तांब्याला तांब चढलीय." आमच्या खानापूर भागात गंजाला तांब म्हणतात. पण तांब लोखंडाला चढते. तांबं काळं पडतं, फार दिवस ओलीत राहिलं तर हिरवं पडतं, त्याला असा तांबूस भुगा सुटत नाही. मी म्हटलं, शेजारच्या खिळ्यांचा डाग लागला असेल, पुसून ठेव. आधी ती मुलगी बरोबर होती हे इथं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं.

विज्ञान पेटी म्हणजे वर्गात करायच्या प्रयोगांचं सामान: वेगवेगळ्या पदार्थांचे ठोकळे, मोजपात्र, चुंबक, उष्णतेच्या प्रयोगाच्या दांड्या, वजन करायचा स्प्रिंगचा तानकाटा आणि एक पुस्तिका. जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळा सुरू झाल्या झाल्या, बेळगावातून १,८५० रुपयांना आणली. पैसे पदरचे. सरकारी मराठी शाळेत अशा वस्तूसाठी कागद फिरेपर्यंत वर्ष सरतं आणि सातवीची मुलं हायस्कूलला जातात.

पहिले दोन महिने मी खूश होते. सहा ठोकळे, प्रत्येकाची बाजू २ सेंटिमीटर. मोजपात्रात कुठलाही बुडवा, पाणी ८ मिलीच वर चढतं. लाकडाचा तरंगतो, त्याला सुईनं खाली दाबून धरावं लागतं. आकार तोच, पण हातावर घेतलं की ॲल्युमिनियम हलकं आणि पितळ जड. घनता म्हणजे काय हे फळ्यावर अर्धा तास सांगून जे कळत नाही, ते मुलांच्या तळहाताला तिथल्या तिथं कळलं. जुलैत दुसऱ्या शाळेतल्या बाईंना मी सांगितलं होतं, डोळे झाकून घ्या. ते वाक्य आज मागं घेते.

डाग पुसून गेला नाही. कणकुंबीच्या बाजूनं येणारा आमच्याकडचा पाऊस म्हणजे कपाटातल्या वह्यासुद्धा ओलसर लागतात, त्यात आठ दिवसांत डाग वाढला. तेव्हा घरी तांब्याचा हंडा घासतो तशी चिंच लावली. चिंचेच्या आंबटानं तांब्यावरचा काळा थर विरघळतो आणि खालचं तांबं लखलखतं. ठोकळा लखलखला, फक्त कोपऱ्यावर तांब्याऐवजी करडा धातू दिसायला लागला. त्याच मुलीनं पेटीतला चुंबक जवळ नेला. टक्‌कन चिकटला. वर्गात एकदम शांतता.

तांब्याला चुंबक चिकटत नाही. तो ठोकळा लोखंडाचा होता, वर तांब्याचा पातळ मुलामा. आणि चिठ्ठीवर ठळक अक्षरांत 'तांबे'.

मला राग आला तो स्वतःच्या नजरेसमोरून ही गोष्ट तीन महिने सुटली म्हणून. सेल आणि बल्ब लावून बघितलं होतं, बल्ब पेटला होता. पण लोखंडातूनही वीज जाते, त्या चाचणीत दोघांत फरक दिसणारच नव्हता. चुंबकाचा प्रयोग केला तेव्हा पुस्तिकेत दिलं होतं तसं टाचण्या, खडू, खोडरबर, नाणी घेतली. रुपयाचं नाणं चिकटतं म्हणून मुलं हरखली आणि ठोकळे डब्यातच राहिले. वजन मात्र कधी केलं नव्हतं, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी घरचा स्वयंपाकातला वजनकाटा नेला. ॲल्युमिनियम २२ ग्रॅम, लोखंड ६३, पितळ ६८ आणि 'तांबं' पुन्हा ६३. तांब्याची घनता ८.९६, म्हणजे ८ घन सेंटिमीटरला जवळजवळ ७२ ग्रॅम भरायला पाहिजेत. तांबं पितळेपेक्षा जड असतं, कारण पितळेत जस्त मिसळलेलं असतं. इथं उलटं. घनतेचा तक्ता पेटीच्याच पुस्तिकेत छापलेला आहे.

उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला जाणारे एक पालक आहेत. त्यांनी ठोकळा बोटात फिरवून बघितला आणि म्हणाले, "बाई, तांब्याच्या मुलाम्याला एक ओरखडा पडला की खालचं लोखंड जास्तच लवकर सडतं." ते खरं आहे. ओलाव्यात दोन धातू एकमेकांना लागले की ज्याला लवकर झिजायची सवय तो दुसऱ्याच्या वाटचं झिजतो. तांब्यासोबत लोखंड झिजतं. जस्तासोबत जस्त झिजतं आणि लोखंड वाचतं. आमच्या व्हरांड्याच्या जस्ती पत्र्याला खिळ्याचे ओरखडे आहेत, तरी तिथं तांब नाही. एवढी वर्षं त्या पत्र्याखाली शिकवते आहे, हे मुलांना कधी दाखवलं नव्हतं.

मग बाकीच्या वस्तूंवरही संशय आला. उष्णतेच्या प्रयोगाच्या तीन दांड्या तपासल्या. मेणाचे थेंब लावून टोकं एकाच मेणबत्तीवर धरली. तांब्याच्या दांडीवरचं मेण आधी गळलं, मग ॲल्युमिनियमचं, लोखंडाचं सगळ्यात शेवटी. चुंबकही फक्त लोखंडालाच चिकटला. दांड्या खऱ्या आहेत आणि चांगल्या आहेत. तानकाटा शून्यावर येत नाही, वरचा स्क्रू पिळून घ्यायचा.

दुकानात तीन वेळा गेले. शक्ती योजनेत आम्हा बायकांना बसचं तिकीट पडत नाही, म्हणून परवडलं, नाहीतर जाण्यायेण्यातच ठोकळ्याची किंमत गेली असती. पहिल्यांदा ऐकलं, "पेटी फोडलीसा नव्हं, आता रिटर्न नाही." दुसऱ्यांदा, "कंपनीकडनंच तसं येतंय बघा, डेमो पीस आहे." मी म्हटलं, अण्णा, मुलाम्याचा असेल तर चिठ्ठीवर मुलामा लिहा, मी त्याच पैशात घेईन. मुलांना खोटं नाव देऊन खरं विज्ञान शिकवता येत नाही. तिसऱ्यांदा त्यांनी नवा ठोकळा दिला. मी चुंबक नेला होता. काउंटरवरच चिकटला. ठोकळा तिथंच ठेवला आणि उठले. भांडायची ताकद संपली होती.

तांबं शेवटी गावातच मिळालं. मोटार रिवायंडिंगवाल्यानं जुन्या तारेचं भेंडोळं भंगारच्या भावानं दिलं, २१५ ग्रॅम. पाण्यात बुडवलं तर २५ मिली सरलं, म्हणजे घनता ८.६. थोडी कमी आली, कारण तारेवर वॉर्निश असतं आणि वेटोळ्यांत हवेचे बुडबुडे अडकतात. बुडबुडे काढायला मुलांनी भेंडोळं पाण्यातच हलवून हलवून बघितलं. तरी ६३ ग्रॅमच्या ठोकळ्याच्या ७.९ पेक्षा ते बरंच वर होतं, आणि एवढा फरक मुलांना पुरला.

दसऱ्याच्या सुट्टीआधी मिठाच्या पाण्याच्या तीन बाटल्या खिडकीत ठेवल्या. एकीत नुसता खिळा, दुसरीत वॉर्निश खरवडलेली तांब्याची तार गुंडाळलेला, तिसरीत जस्ती पत्र्याची पट्टी आवळलेला. सुट्टीनंतर आलो तर तारेच्या बाटलीचं पाणी चहासारखं आणि तळाला गंजाचा गाळ. नुसत्या खिळ्याला त्याहून कमी. पट्टीचा खिळा जवळजवळ तसाच, फक्त पट्टीवर पांढरट साका.

पेटी घेऊ नका असं म्हणत नाही, मोजपात्र आणि दांड्यांसाठी ती अजून रोज उघडते. घेताना चुंबक सोबत न्या, दुकानातच तांब्याला लावून बघा आणि जमलं तर वजन करून घ्या. आमचा ठोकळा अजून डब्यात आहे. त्याच मुलीनं जुनी चिठ्ठी खरवडून नवी चिकटवली आहे: 'लोखंड, वर तांब्याचा मुलामा, ६३ ग्रॅम.'