बोक्यापायी घेतलेल्या दोन यूव्ही टॉर्च : ३९५ आणि ३६५ मधला फरक

आमच्या बोक्याने हॉलमध्ये कुठेतरी शू करून ठेवली होती, वास येतोय पण जागा सापडत नाहीये, असे चार दिवस गेले. फिनाइल झालं, व्हिनेगर झालं, सोफा हलवून झाला. मग ऑफिसात एकजण म्हणाला यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाची टॉर्च घे, मांजराची शू चमकते त्यात. घेतली. एक नाही, दोन घेतल्या, कारण पहिली घेताना अक्कल नव्हती. तुमचे पैसे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

पहिली साडेतीनशेची. पुढे ५१ बारके एलईडी, तीन बारके पेन्सिल सेल, प्लास्टिकचा डबा वाटावा असा आवाज. ऑनलाइन टायटलमध्ये ३६५ लिहिलेलं, खोक्यावर मात्र ३९५. हा आकडा म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये. मी म्हटलं ३० नॅनोमीटरने काय फरक पडतो. पडतो! आपल्याला साधारण ४०० च्या पुढचा उजेड दिसतो, आणि ३९५ वाल्या एलईडीचा प्रकाश काही बरोबर ३९५ वरच थांबत नाही, ४०० च्या पलीकडेही सांडतो. म्हणजे टॉर्च लावली की भिंत जांभळी, सोफा जांभळा, बोका जांभळा, डीजे लावलेल्या वरातीत उभं राहिल्यासारखं. पांढरे कपडे आणि हायलायटर पेन मस्त चमकतात, पण हलकं काही चमकत असेल तर त्या जांभळ्या रंगात बुडून जातं. विक्रेत्याला कळवलं, तर म्हणे फोटो पाठवा, पाठवला, तर म्हणे लाइट लागतोय ना सर. पैसे परत नाहीत. एक तारा.

दुसरी साडेचौदाशेची, खरी ३६५. मेटल बॉडी, एकच मोठा एलईडी आणि पुढे काळी काच. ही काळी काच असलेलीच बघून घ्या, ती दिसणारा उजेड गिळते आणि यूव्ही तेवढं बाहेर सोडते. कल्पना जुनीच आहे, अमेरिकेतल्या रॉबर्ट वुडने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी काच बनवली, त्याच्याच नावाचा वुड्स लॅम्प स्किनवाले डॉक्टर अजून वापरतात, कोडाचे डाग किंवा काही प्रकारचं फंगल बघायला.

पहिल्यांदा बटण दाबलं तर वाटलं बिघडलेलीच आली, कारण उजेडच नाही, फिकट राखाडी जांभळट काहीतरी. मग पडद्याकडे फिरवली आणि खालच्या काठाला पिवळट ओघळ दिसला. सोफ्याचा काही संबंधच नव्हता. शिवाय आणखी तीन जुने डाग, त्यातला एक पुस्तकांच्या कपाटावर, म्हणजे हे बरेच महिने चाललं होतं. बायको म्हणाली बंद कर ते, आता मला या घरात बसवणार नाही.

पण मी थोडाच बंद करतोय. पुढचे चार दिवस रात्री जेवणं झाली की सगळे लाइट बंद.

कपड्यांपासून सुरुवात. डिटर्जंटमध्ये कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जी केमिकल घालतात ती यूव्ही शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे माझा बनियन अंधारात ट्यूबलाइटसारखा पेटला. मग आईने ट्रंकेतून आजोबांचं धोतर काढलं, ते एकदम मढ्यासारखं, काहीच नाही. कारण ते आयुष्यभर साबणाची वडी आणि नीळ यावरच धुतलेलं, आणि नीळ म्हणजे नुसता निळा रंग, पिवळेपणा झाकते, चमकत नाही. आई म्हणाली आमच्याकडे नंतर टिनोपाल आलं पण तुझी आजी त्याला हात लावू द्यायची नाही, पैशाचा चुराडा म्हणायची. टिनोपाल म्हणजे हेच चमकणारं केमिकल. धोतर बघून आजीने शेवटपर्यंत ऐकलं नाही हे सिद्ध झालं, आणि आई जरा वेळ ते हातात घेऊन बसली.

नोटा बघाच. पाचशेच्या नोटेवरचे नंबर चमकतात आणि एरवी न दिसणारे बारके धागे केस पडल्यासारखे इकडेतिकडे उठून दिसतात, पण कागद स्वतः मंद राहतो. वहीचा कागद मात्र भक्क निळा. आता गंमत अशी की माझ्याकडे एक शंभराची अख्खी चमकणारी निघाली आणि मी घाबरलो, नकली की काय. नंतर आठवलं ती पँटच्या खिशात राहून मशीनमध्ये धुतली गेली होती, डिटर्जंट पिऊन आली होती. तेव्हा नोट चमकली म्हणून लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

स्वयंपाकघरात तर मी तासभर होतो. चिमूटभर हळद हँड सॅनिटायझरमध्ये टाकली तर हिरवट पिवळा असा काही रंग पेटला की भाची ओरडलीच. पालकाची दोन पानं सॅनिटायझरमध्येच चुरडली, दिसायला हिरवं पाणी, टॉर्च मारली की रक्तासारखं लाल, ते क्लोरोफिल. पनीर केल्यावर उरलेली निवळी हलकी पिवळट हिरवी दिसते, त्यात बी-टू जीवनसत्त्व असतं, आणि खात्री करायची तर बी-कॉम्प्लेक्सची पिवळी कॅप्सूल फोडून पाण्यात टाका, तेच पण दसपट. तपकिरी कवचाची अंडी गुलाबी लालसर दिसतात, टोपलीत निखारे ठेवल्यासारखी. तूप, मीठ, साखर यांनी निराशा केली.

केळी मात्र माझी फेवरेट. बाजारात येणारी जळगावची केळी बहुतेक ग्रँड नैन, म्हणजे कॅव्हेंडिश या केळ्याच्या जातीच्याच घराण्यातली. कच्चं हिरवं केळ टॉर्चखाली काहीच करत नाही, पिवळं झालं की साल निळसर दिसायला लागते आणि काळे ठिपके पडले की प्रत्येक ठिपक्याभोवती निळं कडं. पिकताना क्लोरोफिल मोडतं त्यातून हे चमकणारं द्रव्य बनतं, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हे शोधलं. म्हणजे जगात केळी एवढी वर्षं खाल्ली जातायत आणि ही गोष्ट कळली २००८ मध्ये! ३९५ वालीत हे दिसलंच नव्हतं, दोन्ही टॉर्च शेजारी धरून बघितलं.

टॉनिक वॉटर (दारूत मिसळतात तो कडसर सोडा) पण आणलं, प्रयोगालाच आणलं, आईला सांगून दमलो. त्यात क्विनाइन असतं, मलेरियाचं जुनं औषध, त्यामुळे ग्लास आकाशी निळा. या चमकण्याला फ्लुओरेसन्स हे नाव १८५२ मध्ये स्टोक्स या शास्त्रज्ञाने दिलं, त्यानेही क्विनाइनवरच प्रयोग केले होते. त्यात चमचाभर मीठ घाला, फसफसून बाहेर येईल पण निळा रंग उतरतो, मिठातलं क्लोराइड ती चमक मारतं.

आणि आरशासमोर तोंड उघडू नका. माझे सगळे दात निळसर पांढरे आणि पुढच्या एका दाताची जुनी कॅप काळी, दात पडल्यासारखी. लग्नातल्या फोटोंमध्ये मी तोंड मिटून का असतो ते आता घरात सगळ्यांना कळलंय.

आता टॉर्चच्या तक्रारी. दहा मिनिटांत एवढी तापते की हात बदलावा लागतो. चार्जिंग किती उरलंय ते कळत नाही, अचानक विझते. केबल वीतभर. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे खोक्यात चष्मा नाही आणि इशाऱ्याचा कागद मुंगीच्या अक्षरात. हा उजेड डोळ्याला दिसत नाही म्हणून डोळे आपोआप मिटत नाहीत, पण यूव्ही आत जातच असतं, त्यामुळे पोरांच्या हातात देऊ नका आणि आरशावर, स्टीलच्या भांड्यांवर सरळ मारू नका. मी दीडशेचा यूव्ही अडवणारा प्लास्टिकचा चष्मा वेगळा घेतला. या कारणासाठी एक तारा कापला, पाचपैकी चार.

दिवाळीत दापोलीकडे मामाच्या गावी टॉर्च नेली. विंचवाच्या कवचात अशी द्रव्यं असतात की तो यूव्हीत हिरवट निळा पेटतो, हे वाचलं होतं. रात्री मागच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, टॉर्च फिरवली, चिऱ्यांवरची दगडफुलं कुठेकुठे केशरी दिसली, आणि तिसऱ्या फटीत रेडियमच्या खेळण्यासारखा एक विंचू, नांगी वर करून. चार पावलांवर दुसरा. मामी तिथे रोज अनवाणी पाणी तापवायला लाकडं काढायला जाते. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला आमच्या लहानपणी लाल विंचू चावला की माणूस जायचाच, ते महाडचे बावसकर डॉक्टर आले आणि माणसं वाचायला लागली. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं, २०२२ ची पद्मश्री त्यांना मिळाली, पण कोकणात त्यांचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासून घरोघर आहे. (नुकती कात टाकलेला विंचू चमकत नाही, त्यामुळे टॉर्चमध्ये काही दिसलं नाही म्हणून हात घालायचा नाही, हे मामाला तीनदा सांगितलंय.)

निघताना टॉर्च बॅगेत नव्हती. मामीच्या लाकडांच्या खोपटात खिळ्याला टांगलेली होती, मी काही बोललो नाही. दुसरी ऑर्डर केलीय, यायला चार दिवस आहेत. काल रात्रीपासून हॉलमध्ये परत वास येतोय आणि घरात सध्या ती जांभळीच आहे.